नशा करणाऱ्यांसाठी सरकारी खोली?

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त रेडिओचा आवाज जरा वाढवा. आजचा विषय लांबच्या देशातला आहे आणि पहिल्यांदा कानावर पडला की राग यावा असाच आहे. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत ऐका.

मागच्या पंधरवड्यात आपल्या गटांच्या व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ फिरत होता. स्वच्छ खोली, समोर आरसे, ओळीने खुर्च्या आणि त्या खुर्च्यांवर बसून माणसं आपल्याच हाताने दंडात नशेची सुई टोचून घेतायत. बाजूला नर्स उभी. खाली लिहिलं होतं, ‘बघा, परदेशात सरकारच नशा करायला खोली देतं.’ त्यावर आपल्या बायांनी काय काय लिहिलं ते मी इथे वाचून दाखवत नाही. एकीचं मात्र सांगते. तिने लिहिलं, ‘आपण इथे बाटली आडवी करायला चपला झिजवतो, आणि तिथे सरकार नशेखोरांना खुर्ची देतं.’ मग तीन-चार जणींचे फोन आले, ताई, हे खरं आहे का, खरं असेल तर यावर एकदा बोला.

तर खरं आहे. अशा खोल्या आहेत. पहिली स्वित्झर्लंड देशातल्या बर्न शहरात १९८६ साली निघाली. ऑस्ट्रेलियात सिडनीला २००१ पासून आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात २०२१ च्या शेवटी दोन सुरू झाल्या, स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला २०२५ च्या जानेवारीत. पण जिच्यावरून सगळ्यात जास्त भांडण झालं, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि आजही मिटलेलं नाही, ती कॅनडातली. आज तिचीच गोष्ट सांगते.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर नावाचं बंदराचं शहर आहे. आपल्या देशातली, त्यातही पंजाबातली पुष्कळ माणसं त्या भागात जाऊन राहिली आहेत. शहर श्रीमंत आहे, पण त्याच्या पोटात डाऊनटाऊन ईस्टसाइड नावाची एक वस्ती आहे. जुन्या, मोडकळीला आलेल्या हॉटेलांत एकेक खोली घेऊन राहणारे, फुटपाथवर झोपणारे, मनाचा आजार असून कोणी न विचारणारे असे लोक तिथे राहतात. तिथले मूळचे आदिवासीही त्यांत बरेच आहेत. या आदिवासींच्या कित्येक पिढ्यांची लेकरं सरकारने आईबापापासून तोडून वसतिशाळांत नेऊन ठेवली होती, हेही इथेच सांगून ठेवते. ‘नशेखोर’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पैशाचा माज आलेला पोरगा येतो. तिथे तसं नव्हतं.

या वस्तीत हेरॉईनची सुई घेणारे हजारो झाले. हेरॉईन म्हणजे अफूपासून केलेला पदार्थ. मुंबई-पुण्यात त्याचंच भेसळीचं रूप १९८० नंतर ‘गर्द’ नावाने आलं, ते तुमच्यातल्या वयाने मोठ्या बायांना आठवत असेल. एकच सुई चार जण वापरायचे, गल्लीत साचलेलं पाणी सुईत ओढायचे. एचआयव्ही इतका पसरला की १९९७ साली तिथल्या आरोग्य मंडळाने आणीबाणी जाहीर केली. त्याच साली वस्तीतल्या ओपनहायमर पार्क नावाच्या बागेत लोकांनी मेलेल्यांच्या आठवणीत एक हजार क्रूस रोवले.

ही माणसं मरतात कशी, ते समजल्याशिवाय खोली कशासाठी ते कळणार नाही. अफूच्या जातीची नशा प्रमाणाबाहेर झाली की माणूस ओरडत नाही, झटके देत नाही. तो झोपल्यासारखा दिसतो. श्वास हळू होत जातो, ओठ निळे पडतात आणि श्वास थांबतो. काही मिनिटांचा खेळ असतो. यावर उतारा आहे. नॅलोक्सोन नावाचं औषध टोचलं किंवा नाकात फवारलं की श्वास परत येतो. पण ते द्यायला दुसरं माणूस लागतं. बेशुद्ध पडलेला स्वतःला औषध देणार कसा? आणि नशा करणारा तर लपूनच करतो. संडासात, जिन्याखाली, दाराला कडी लावून. म्हणजे वाचवणारं औषध आहे, पण वाचवणारं माणूस कडीच्या बाहेर आहे.

म्हणून तिथल्या काही लोकांनी म्हटलं, कडी काढू या.

२१ सप्टेंबर २००३ ला हेस्टिंग्ज स्ट्रीटवर ‘इनसाइट’ नावाचं केंद्र उघडलं. पोर्टलँड हॉटेल सोसायटी ही बेघरांसाठी काम करणारी संस्था आणि तिथला आरोग्य विभाग, दोघांनी मिळून. आता आत काय चालतं ते नीट ऐका, कारण व्हिडिओत नेमकं हेच गाळलं आहे. सरकार नशेचा पदार्थ देत नाही. तो ज्याचा त्याने आणायचा. कर्मचारी सुई टोचूनही देत नाहीत. दारात नोंद होते, टोपणनाव सांगितलं तरी चालतं. नवी सुई, स्वच्छ पाणी, कापूस मिळतो. तेराएक जागा आहेत, प्रत्येकीसमोर आरसा आहे, म्हणजे नर्सला लांबूनही चेहरा दिसतो. टोचून झालं की लगेच बाहेर जायचं नाही. शेजारच्या खोलीत थोडं बसायचं, कॉफी घ्यायची. कुणाच्या हातापायाला जखमा, गळवं झालेली असतात, नर्स तीही धुऊन पट्टी करते. आणि २००७ पासून वरच्या मजल्यावर व्यसन सोडणाऱ्यांसाठी खोल्या आहेत. आज मनात आलं तर जिना चढून वर जायची सोय.

सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांत तिथे ३६ लाखांहून जास्त वेळा लोकांनी सुई घेतली. ६ हजारांहून जास्त वेळा कोणी ना कोणी कोसळलं आणि कर्मचाऱ्यांनी त्याला वाचवलं. केंद्रात मृत्यू एकही नाही.

वस्तीत फरक पडला का, हेही डॉक्टरांनी तपासलं. ‘लॅन्सेट’ नावाच्या जुन्या वैद्यकीय साप्ताहिकात २०११ साली अभ्यास छापून आला. केंद्र उघडायच्या आधी आणि नंतर, केंद्रापासून ५०० मीटरच्या आत नशेच्या अतिरेकाने होणारे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले होते. बाकीच्या शहरात ९ टक्क्यांनी. दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की केंद्रात येणारे लोक व्यसन सोडवण्याच्या उपचाराकडे आधीपेक्षा जास्त जाऊ लागले.

हे सगळं सुखासुखी झालं नाही. व्हँकुव्हरचे आधीचे महापौर फिलिप ओवेन यांनी चार खांबांची योजना मांडली होती. व्यसन लागू नये म्हणून प्रयत्न, लागलेल्यांना उपचार, विकणाऱ्यांवर पोलिसी कारवाई आणि चौथा खांब म्हणजे जे अजून सोडू शकत नाहीत त्यांची हानी कमी करणं. चौथ्या खांबावरून त्यांच्याच पक्षाने त्यांना पाठ दाखवली. राजकारण सगळीकडे सारखंच, बायांनो. त्यांच्यानंतर २००२ मध्ये लॅरी कॅम्पबेल निवडून आले. ते पूर्वी संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी होते, वस्तीतली प्रेतं त्यांनी स्वतः पाहिलेली होती. त्यांच्या काळात केंद्र उघडलं.

कॅनडातही असे पदार्थ जवळ बाळगणं गुन्हाच होता. त्यामुळे केंद्राला दिल्लीसारखं त्यांचं जे वरचं सरकार, त्याच्याकडून खास सूट घ्यावी लागली होती. २००६ ला तिथलं सरकार बदललं. २००८ मध्ये आरोग्यमंत्री टोनी क्लेमेंट यांनी सूट पुढे चालू ठेवायला नकार दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. सरकारचं काम नशा सोडवणं, नशेला जागा देणं नव्हे. आपल्या बऱ्याच जणींचं म्हणणं तरी वेगळं काय आहे? संस्था आणि केंद्रात येणारी दोन माणसं कोर्टात गेली. ३० सप्टेंबर २०११ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने केंद्राच्या बाजूने निकाल दिला. निकाल लिहिणाऱ्या मुख्य न्यायाधीश बेव्हर्ली मॅकलाक्लिन. त्या पदावर बसलेल्या कॅनडातल्या पहिल्या बाई. निकालाचा सार असा की हे केंद्र जीव वाचवतं, त्याने लोकांच्या सुरक्षिततेला धक्का बसल्याचा पुरावा नाही, मग ते बंद करणं म्हणजे माणसांचा जगण्याचा हक्क विनाकारण हिरावणं.

पण निकालात आणखी एक गोष्ट होती, जी समर्थक मंडळी भाषणात फारशी सांगत नाहीत. न्यायालयाने असं म्हटलं नाही की कुठेही, कशीही खोली उघडा. मंत्र्याने सूट देताना त्या जागी खरोखर गरज आहे का, गुन्हे वाढतील का, चालवायला पैसा आणि माणसं आहेत का आणि आसपासच्या लोकांचा पाठिंबा आहे की विरोध, हे बघावं असं सांगितलं. शेजाऱ्याचं म्हणणं ऐकायचं, हेही निकालातच आहे.

आता शेजाऱ्याकडे येऊ. कारण एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, ताई, तुमचं सगळं पटलं, पण माझ्या पोरीच्या शाळेशेजारी हे चालेल का?

कॅनडातच टोरांटो शहर आहे. तिथल्या लेस्लीविल भागात एका आरोग्य केंद्रात अशीच खोली होती. आसपास घरं, दुकानं, शाळा. जुलै २०२३ मध्ये त्या केंद्राच्या जवळ भर दिवसा नशा विकणाऱ्यांच्यात भांडण झालं, गोळ्या सुटल्या, आणि रस्त्याने चाललेल्या एका बाईला गोळी लागून ती गेली. दोन लेकरांची आई. तिचा ना नशेशी संबंध, ना भांडणाशी. पुढे त्या केंद्रातल्या एका कर्मचारी बाईवरही आरोपीला मदत केल्याचा गुन्हा दाखल झाला. आसपासच्या पालकांनी आधीपासून तक्रारी केल्या होत्या, अंगणात सुया सापडतात, विकणारे कोपऱ्यावर उभे असतात.

त्या बाईच्या घरच्यांपुढे लॅन्सेटमधले ३५ टक्के वाचून दाखवायला कोण जाईल? मी तरी जाणार नाही.

ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं की शाळा आणि पाळणाघरांपासून २०० मीटरच्या आत अशी खोली चालणार नाही. मार्च २०२५ अखेर दहा केंद्रांवर गदा आली. त्याऐवजी बेघर आणि व्यसनी लोकांसाठी उपचाराची, घर मिळवून देण्याची केंद्रं काढायचं ठरलं. तिथे नशा करता येणार नाही आणि सुयाही मिळणार नाहीत. विरोध करणारे म्हणाले, उपचार चांगले आहेत, जरूर द्या, पण उपचाराला जाईपर्यंत माणूस जिवंत राहायला नको का? प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं.

विरोधकांचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे तिथे, ब्रिटिश कोलंबियात, खोली उघडून इतकी वर्षं झाली तरी मरणारे वाढतच गेले. २०१६ साली हजाराच्या आसपास माणसं गेली, पुन्हा आणीबाणी जाहीर झाली, आणि २०२३ मध्ये तो आकडा अडीच हजारांच्या वर गेला. मग खोलीचा उपयोग काय?

याचं उत्तर पदार्थात आहे. मधल्या काळात बाजारात फेंटानिल आलं. हे कारखान्यात बनतं आणि हेरॉईनच्या साधारण ५० पट तीव्र असतं. विकणारा ते कशातही मिसळतो, घेणाऱ्याला कळतही नाही. आपल्याकडचं उदाहरण हवं तर जून २०१५ आठवा. मुंबईत मालवणीला गावठी दारूत मिथेनॉल मिसळलं गेलं आणि शंभराच्या वर माणसं गेली. ती रोजचीच पिणारी होती. त्या दिवशी ग्लासात वेगळं होतं, एवढंच. कॅनडात रोज तसं चाललंय. त्यातून आता बरेच जण सुईऐवजी धूर ओढतात, आणि सुईसाठी केलेल्या खोलीत त्यांना फारसा आधार नाही. मरणाऱ्यांतले बहुतेक चार भिंतींच्या आत गेले, आणि पुष्कळ जण एकटे असताना. तेरा खुर्च्यांची एक खोली ५० लाखांवर लोकांच्या प्रांताला पुरणार कशी?

म्हणून मला असं दिसतं की दोन्ही बाजू आपापला दावा जरा फुगवून सांगतात. खोलीमुळे व्यसन वाढतं याचा पुरावा व्हँकुव्हरच्या अभ्यासांत सापडला नाही. पण खोलीने व्यसनाचा प्रश्न सुटतो असं म्हणणाऱ्यांनीही अडीच हजारांचा आकडा गिळून टाकू नये. खोली एकच काम करते. आज, या घटकेला, समोरचा माणूस मरू देत नाही. ते काम लहान आहे का, हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते नाही.

एक गोष्ट खास आपल्या बायकांसाठी. या खोल्या सुरू झाल्या तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं की नशेच्या दुनियेतही बाईचं चुलीपाशीच चालतं, म्हणजे शेवटचं ताट तिचंच. तिचा पदार्थ बहुतेकदा पुरुषाच्या हातात असतो. आणायचा त्याने, आधी घ्यायचा त्याने, सुईही तिला तोच टोचणार. बऱ्याच बायांना स्वतःची शीर सापडत नाही, शिकूच दिलेलं नसतं. इनसाइटच्या मूळ नियमात दुसऱ्याने टोचायचं नाही असं होतं, त्यामुळे नेमक्या याच बाया बाहेर राहायच्या, आणि बाहेर मारहाण, बलात्कार. मे २०१७ मध्ये व्हँकुव्हरला फक्त बायांसाठी ‘सिस्टरस्पेस’ नावाची जागा निघाली, अतिरा नावाच्या बायकांसाठीच्या संस्थेने काढलेली. पुरुषांना आत प्रवेश नाही. मारणारा दाराबाहेर थांबतो. हे वाचलं तेव्हा मला आपल्या गटाची बैठक आठवली. आपणही सुरुवातीला नवऱ्यांना दाराबाहेरच बसवायचो, आठवतं ना?

आणि आया दोन्ही बाजूंना आहेत. लेस्लीविलच्या त्या आया, ज्यांना अंगणातल्या सुयांची धास्ती. आणि ‘मॉम्स स्टॉप द हार्म’ नावाच्या संघटनेतल्या आया. २०१६ मध्ये तीन कॅनडियन बायांनी ती काढली, तिघींचेही मुलगे नशेने गेलेले. त्या अशा केंद्रांच्या बाजूने बोलतात. एका आईने दुसऱ्या आईला खोटं कसं पाडायचं? मला विचाराल तर शाळेला लागून खोली नको. हे म्हणणाऱ्या पालकांना मी दगडाच्या काळजाचं म्हणणार नाही. पण जिथे माणसं आधीच गल्लीत सुया टोचतायत, मरतायत, तिथे खोली असावी. वर उपचाराचा मजला असावा. दारात विकणारे जमू नयेत याला पोलीस जबाबदार असावेत. आणि जागा ठरवताना वस्तीला विचारावं. बंद करायची असेल तर आधी दुसरी जागा दाखवावी. कुलूप लावल्याने सुई टोचणारा नाहीसा होत नाही, परत जिन्याखाली जातो.

आता आपल्या देशात काय आहे? अशी खोली भारतात कुठेच नाही. इथे १९८५ चा अमली पदार्थांचा कडक कायदा आहे. पण हानी कमी करण्याचा विचार आपल्याला अगदी परका आहे असंही नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी सर्वेक्षणात देशात सुईने नशा घेणारे साधारण साडेआठ लाख असल्याचा अंदाज आहे. त्यांच्यासाठी एचआयव्ही रोखण्याच्या सरकारी कार्यक्रमात जुनी सुई घेऊन नवी देतात. काही केंद्रांत हेरॉईनऐवजी जिभेखाली ठेवायची गोळी देतात, रोज, नर्ससमोरच घ्यायची, जशी टीबीची गोळी आशाताईंसमोर घेतात. आणि व्यसन पूर्ण सोडवायचं काम आपल्याकडे पुण्याच्या मुक्तांगणात १९८६ पासून चालू आहे, डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेलं. तिथली वाट वेगळी आहे, नशा पूर्ण बंद. पण तिथेही येणाऱ्याला आधी माणूस म्हणून आत घेतात.

आपल्या भागात सुईचा प्रश्न नाही, दारूचा आहे. आणि दारूच्या बाबतीत आपण बायका कोणाला ऐकणाऱ्या नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरच्या बाया २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या, २०१५ ला जिल्ह्यात बंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठलीही. गावच्या निम्म्या बायकांनी आडव्या बाटलीवर मत दिलं तर दुकान बंद होतं, हा आपला हक्क आहे आणि तो सोडायचं मी सांगत नाही. दुकान बंद व्हायलाच हवं. माझा प्रश्न दुकानाचा नाही, पिणाऱ्याचा आहे. दुकान आडवं केल्यावर त्या माणसाचं काय करायचं हे आपण कुठल्याच ठरावात लिहीत नाही. तो शेजारच्या गावातून आणतो, बांधावर बसून पितो, आणि हातभट्टीत काय मिसळलंय ते कोणाला ठाऊक? साप चावलेल्या माणसाला आपण आधी दवाखान्यात नेतो, रात्रीचा बांधावर गेलाच कशाला हे नंतर विचारतो.

आता मुद्द्यावर येते. आपल्या प्रभागातल्या दोन ग्रामसंघांत सध्या एक ठराव चर्चेत आहे. ‘ज्या सदस्येच्या घरात दारू पितात, तिला गटाचं अंतर्गत कर्ज देऊ नये.’ ठराव मांडणाऱ्या बायांची बाजू मला माहीत आहे. एका गटात नवऱ्याने कर्जाचे पैसे पिऊन उडवले आणि हप्ते बाकीच्या नऊ जणींनी भरले. त्यांच्या घामाचा पैसा आहे, त्यांचा राग खोटा नाही. लेस्लीविलच्या आयांचाही नव्हता.

पण या ठरावाने काय होईल ते बघा. पहिली गोष्ट, कोणतीही बाई खरं सांगणार नाही. आज ती बैठकीत निदान डोळ्याला पदर लावते, उद्या तेही बंद. माझ्या घरी कोणी पीत नाही, असं रजिस्टरवर लिहून देईल. कडी आतून लागेल. दुसरी गोष्ट, जिला कर्जाची सगळ्यात जास्त गरज आहे तीच सावकाराकडे जाईल, शेकड्याला पाच-दहाने. आणि नवऱ्याचं पिणं? ते होतं तसंच राहील.

माझी सूचना वेगळी आहे. अशा घरातल्या सदस्येला कर्ज द्या, पण रोख हातात देऊ नका. बियाण्याचं असेल तर कृषी केंद्राला, फीचं असेल तर शाळेला, दवाखान्याचं असेल तर दवाखान्याला थेट द्या. खातं तिच्या एकटीच्या नावावर असू द्या, एटीएम कार्ड गटातल्या दुसऱ्या सदस्येच्या नाही तर माहेरच्या घरी ठेवा असं कोणी सुचवेल, तेही करू नका, कार्ड तिचं तिच्याकडेच, फक्त पिन नवऱ्याला सांगायचा नाही. हप्ता चुकला तर पहिल्याच महिन्यात दोघी जणींनी घरी जायचं, सहाव्या महिन्यात नव्हे. आणि नवऱ्याला सोडायची इच्छा झाली त्या दिवशी जिल्हा रुग्णालयात सोबत कोण जाईल, तिचं नाव आधीच ठरलेलं हवं. कारण अशी इच्छा फार वेळ टिकत नाही. तो ‘उद्या जाऊ’ म्हणतो आणि तो उद्या येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अनेक वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम घरच्या घरी बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं, तेव्हा डॉक्टरला विचारूनच.

माझं सगळं तुम्हाला पटावं असा हट्ट नाही. ग्रामसंघाच्या बैठकीला या आणि विरोधात असाल तर विरोधात बोला. फक्त ज्या बाईच्या घरात हे चाललंय, तिला बोलायला पहिली पाळी द्या. ती नाही बोलली तर तिच्या वतीने दुसरीने बोलू नका, थोडं थांबा.

व्यसन सोडवण्यासाठी सरकारचा मोफत फोन नंबर आहे, लिहून घ्या. १४४४६. पुन्हा सांगते, एक चार चार चार सहा. घरातल्या बाईनेही केला तरी चालतो, पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही.

ठरावावर ज्यांना आपलं मत रेडिओवर सांगायचं आहे त्यांनी सोमवारच्या आत केंद्रावर आवाज पाठवा, नाव नको असेल तर तसं सांगा, आम्ही नाव घेणार नाही. पुढच्या गुरुवारी आपल्या तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी शेळ्यांच्या लसीकरणावर बोलणार आहेत, तारखा तेव्हाच कळतील.